उद्यावर टाका

संत्रा केंद्राच्या काट्यावरचं सॉफ्टवेअर
आवृत्ती चारवरून सातवर न्यायचं आहे.
फार नाही, मेनूच तर आहे, अध्यक्ष म्हणाले,
पंखा माझ्याकडे वळवला आणि निघून गेले.

मेनूच आहे. पण हा मेनू बसल्या जागी बदलतो.
आंबिया बहार असला की ‘गळ वजा’ दिसतं,
मृगात ते जातं, ‘कोळशी तपासा’ येतं.
काटेवाला बसला तर सहा ओळी,
हिशेबनीस बसला तर अकरा,
अध्यक्ष बसले तर सगळ्या,
त्यांतली एकही ते दाबत नाहीत.

जुन्या चौकटीत क्रिया नुसत्या नावानं राहायच्या.
तक्त्यात एक शब्द, कुठंतरी एक फंक्शन,
हाक मारली की ओट्यावरून उठून यायचं.
नाही आलं तर नाही आलं, कोणी विचारत नसे.
नव्या चौकटीला हाक चालत नाही.
आधी नोंद करा: कोण, कोणासाठी, केव्हा दिसणार,
परत काय देणार.
नाहीतर बिल्डच होत नाही.

लांजेवारांनी बारा वर्षांपूर्वी लिहिलेल्या सत्तेचाळीस क्रिया.
शेहेचाळीस मी चार दिवसांत हलवल्या,
टिनाच्या शेडमध्ये, कानाशी क्रेट आदळत असताना.
पडद्यावर नारंगी इशारे, पडद्यापलीकडे नारंगी ढीग.
कमी होत गेले ते इशारेच.

सत्तेचाळिसावी: उद्यावर टाका.
अट एवढीच, की सात वाजून गेले असतील तर दाखव.
का, ते लिहिलेलं नाही.
सातच का, साडेसहा का नाही.

लांजेवार आता मोर्शीकडे शेळ्या पाळतात.
फोनवर आधी एक शेळी बोलली, मग ते:
“काहाले हात लावतं त्याले? चालू हाय न?”
मग जरा थांबून,
“यमुताई उईके होत्या काट्यावर. सात दहाची शेवटची गाडी.
रांगेत ट्रक असला का बाई तिथंच अडकून राहे.
मंग मी ते घातलं.
तिनं काई मांगतलं नोयतं.”

यमुताई निवृत्त झाल्या.
सात दहाची गाडी दोन वर्षांपासून येत नाही.
म्हणजे ही ओळ काढता येते.
बोट डिलीटवर ठेवून मी उगाच जुन्या नोंदी चाळल्या:
गेल्या महिन्यात एकोणीस वेळा दाबलंय.

“मीच दाबतो,” अन्सार म्हणाला, मान वर न करता.
“सातले लाइन जाते न मॅडम, इन्व्हर्टरवर काटा हालते.
पाच-दहा किलो इकडं तिकडं.
कोणाच्या माथी मारू?
उद्यावर टाकतो, सकाळी बराबर भरते.”

नवी चौकट वर्णनाचा रकाना रिकामा ठेवू देत नाही.
मी लिहिलं, शेवटची गाडी. खोडलं.
वीज, लिहिलं. तेही खोडलं.
मग लिहिलं:
सातनंतर काट्यावर जे कोणी असेल त्याच्यासाठी.
बिल्डनं मुकाट घेतलं.

तपासायला मशीनचं घड्याळ पुढं करता येतं,
दोन सेकंदांचं काम.
केलं नाही. सहा चाळीस झाले होते.
अन्सारनं ढिगातला एक फुटका संत्रा सोलला,
अर्धा माझ्या कीबोर्डजवळ ठेवला. आंबट होता.

सातला पंखा थांबला, क्रेट थांबले,
इतका वेळ शेडमध्ये किती आवाज होता ते तेव्हा कळलं.
लॅपटॉपच्या उजेडात मी एका वजनावर उजवी क्लिक केली.
सहा ओळी होत्या.
सातवी एक क्षण मागं राहून आली.

“आली का?”
“आली.”
बाहेर एकच ट्रक उभा होता, त्याचा ड्रायव्हर खाली उतरत होता.
“दाबू मंग?” अन्सारनं विचारलं,
माझ्याकडे न बघता, ट्रककडे बघत.